न फिरणारं चाक

मृगाच्या पहिल्याच जोरदार सरीत भुसावळहून जळगावकडे येत होतो. साकेगावच्या पुढे महामार्गावर पाणी साचलं होतं, गाडी नव्वदच्या वर होती. एकाएकी स्टिअरिंग हातात पिसासारखं हलकं झालं. शेजारी बसलेले मेस्त्री ओरडले, "भाऊ, ब्रेक मारू नका, नुसता पाय काढा!" दोनेक सेकंदांत टायरने पुन्हा रस्ता धरला.

वादळी पावसात उतरलेलं विमान धावपट्टी संपली तरी थांबलं नाही, अशी बातमी वाचली की मला ते दोन सेकंद आठवतात. आपल्याकडे लगेच विजेवर खापर फुटतं. पण विजेचा प्रवाह बहुतेक वेळा विमानाच्या बाहेरच्या आवरणावरूनच निघून जातो. खरी गोम असते चाकाखाली.

टायरला पुढे जाताना समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं. वेग वाढला की पाण्याला सरायला वेळ उरत नाही आणि ते टायरखाली पाचरीसारखं घुसतं. या पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो टायरमधल्या हवेच्या दाबाएवढा झाला, की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. म्हणजे हा वेग ठरतो टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळावर. नासाच्या लँग्ली केंद्रातल्या अभियंत्यांनी 1960च्या दशकात प्रयोगांतून हे सूत्र बसवलं: दाब पीएसआयमध्ये (पंपावर हवा मोजतात ते एकक) घ्या, वर्गमूळ काढा, सुमारे 17 ने गुणा, वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. गाडीच्या टायरला 30 पीएसआय धरले तर नव्वदच्या आसपास. जेट विमानाला 200 धरले तर सुमारे 235. वजनाचा यात पत्ताच नाही! वजन वाढलं की टायर जास्त पसरतो, जमिनीवरचा दाब जवळपास तेवढाच राहतो.

पण हे झालं फिरणाऱ्या चाकाचं. हवेतून खाली येणारं चाक फिरत नसतं, ते धावपट्टीला घासून फिरायला लागतं. खाली पाण्याचा पुरेसा जाड थर असेल, तर न फिरणारं चाक वेग ताशी सुमारे 200 किलोमीटरपर्यंत उतरेपर्यंत तरंगतच राहतं. विमान टेकतं 250 च्या आसपास.

14 सप्टेंबर 1993 ला वॉर्सात लुफ्तान्साच्या एअरबस ए-320 चं हेच झालं. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे पंखांची उचल मोडून विमानाचा भार चाकांवर आणणाऱ्या फळ्या, उघडायला संगणकाला खात्री हवी होती, की विमान खरंच जमिनीवर आहे: दोन्ही बाजूंच्या चाकांवर पुरेसा भार, किंवा चाकं ठरावीक वेगाने फिरताहेत. विमान एका बाजूवर टेकलं आणि पाण्यावरची चाकं पुरेशी फिरली नाहीत. टेकल्यापासून सुमारे 9 सेकंद स्पॉयलर नाहीत, इंजिनांचा उलटा जोर नाही. एवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त धावपट्टी मागे पडली. विमान पुढच्या मातीच्या बांधावर आदळलं, दोघांचा जीव गेला.

त्यात वादळाचा वारा फिरतो. रावेर-यावलकडे मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारा वारा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ढगातून खाली कोसळणारी हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तीच विमानाच्या पाठीमागून आली, तर जमिनीवरचा वेग वाढतो. वेग फक्त 10 टक्के वाढला, तर ब्रेकांना जिरवायची ऊर्जा 21 टक्के वाढते. 2005 मध्ये टोरांटोत एअर फ्रान्सचं विमान असंच पाठच्या वाऱ्यात, नेहमीच्या जागेच्या बरंच पुढे जाऊन टेकलं आणि धावपट्टीबाहेर गेलं. ते जळून खाक झालं, पण आतले सगळे 309 जण वाचले.

आपण गाडीला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची बांधतो आणि टायरची हवा महिनोन्‌महिने बघत नाही. मला याचा मनापासून राग येतो. तो दोरा पाणी बाजूला सारत नाही. टायरची नक्षी सारते, पुरेशी हवा सारायला मदत करते.

धावपट्टीवर हेच काम आडवे चर करतात: साधारण 6 मिलिमीटर रुंद, तेवढेच खोल, दीड-दीड इंचावर एक. कापसाच्या वावरातून पाणी काढायला आपण चर मारतो ना, तसेच. टायरखाली दबलेलं पाणी त्यातून बाहेर निसटतं आणि चाक फिरू लागतं.