अरबी समुद्राचा श्वास मोजताना

गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापासून दहा-एक किलोमीटर आत गेलं, की समुद्र जेमतेम 27-28 मीटर खोल असतो. कोळ्यांच्या मापात पंधरा वाव. दिसायला या जागेत वेगळं काहीच नाही. पण दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक 1997 पासून पुन्हा पुन्हा याच ठिकाणी जातात आणि वरपासून तळापर्यंतचं पाणी भरून आणतात. उन्हाळ्यात इथे पार तळापर्यंत ऑक्सिजन असतो. गणपतीच्या दिवसांत तोच तळ गुदमरलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर कधी कधी तळाच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला असतो. आणि याच दिवसांत वरच्या थोड्या मीटरांत सूक्ष्म वनस्पतींची नुसती रेलचेल असते, पाण्याला हिरवट-तपकिरी रंग चढलेला असतो.

वरची ही सुबत्ता आणि खालची ती घुसमट एकाच कारणातून जन्मतात. ते समजून घ्यायचं तर किनारा सोडून खोल समुद्रात जावं लागतं. तिथे शेकडो मीटर जाडीचा एक थर पसरलेला आहे, ज्यात श्वास घेण्याजोगं जवळजवळ काही नाही. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला या थराची ओळख असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आपल्या ताटातल्या मासळीचं बरंचसं भवितव्य त्याच्याशी जोडलेलं आहे.

एक लिटर हवेत सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आपल्याकडच्या उबदार समुद्रात, अगदी पृष्ठभागावर, एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो साधारण साडेचार मिलिलिटर. मासे, कोळंबी, माकूल, सगळ्यांचा संसार एवढ्यावर चालतो. अरबी समुद्रात 150 मीटरच्या आसपास उतरलं, की हे प्रमाण झपाट्याने घसरतं. मध्य आणि ईशान्य भागात तर ते एक दशांश मिलिलिटरच्याही खाली जातं. हा थर सुमारे 1000 मीटर खोलीपर्यंत जातो. त्याखाली ऑक्सिजन पुन्हा हळूहळू वाढतो, कारण तळाचं पाणी अंटार्क्टिकाच्या बाजूला गारठून बुडालेलं असतं आणि तिकडची हवा बरोबर घेऊन आलेलं असतं.

1933-34 मध्ये 'मबाहिस' हे इजिप्तचं जहाज अरबी समुद्राच्या मोहिमेवर निघालं. मोहिमेचे प्रमुख होते सेमूर सेवेल, भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे तेव्हाचे माजी संचालक. ओमानच्या बाजूला तळावरून जाळी ओढताना काही खोलींवर ती जवळजवळ रिकामी वर आली. इतक्या समृद्ध समुद्राचा तळ असा निर्जीव का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पुढे 1960 ते 1965 दरम्यान आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं तीत होती आणि भारतीय नौदलाचं 'किस्तना'सुद्धा होतं. या मोहिमेतूनच 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. आपला समुद्र आपण मोजायचा, हा विचार तिथे रुजला.

मग हा थर इथेच का? नकाशा पाहिला की निम्मं उत्तर मिळतं. अटलांटिक आणि प्रशांत महासागर उत्तरेला थेट थंड प्रदेशापर्यंत जातात. अरबी समुद्राची वाट मात्र 25 अंश उत्तरेच्या आसपास इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्याने अडवली आहे. उत्तरेला गारठून खोलवर बुडेल आणि ताजी हवा खाली नेईल असं पाणी इथे फारसं तयारच होत नाही. पर्शियन आखात आणि तांबडा समुद्र यांतून थोडं खारट, जड पाणी येतं, तेवढाच आधार. दक्षिणेकडून येणारं पाणी लांबचा प्रवास करून येतं आणि इथे पोहोचेपर्यंत त्यातला बराच ऑक्सिजन वाटेतच खर्च झालेला असतो.

उरलेलं निम्मं उत्तर मान्सूनमध्ये आहे. उन्हाळी मान्सूनचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवरचं वरचं पाणी दूर ढकलतात आणि त्याच्या जागी खालचं थंड, नायट्रेटने समृद्ध पाणी वर येतं. हिवाळ्यात ईशान्येचे कोरडे, गार वारे उत्तर अरबी समुद्राचं वरचं पाणी थंड करतात, ते जड होऊन खाली जातं, आणि या घुसळणीत पुन्हा खत वर येतं. असे वर्षातून दोन हंगाम सूक्ष्म वनस्पतींना मिळतात. त्या वाढतात, खाल्ल्या जातात, मरतात, आणि त्यांचे अवशेष, विष्ठा, सगळं खाली झिरपत राहतं. खालचे जिवाणू ते कुजवतात आणि कुजवताना ऑक्सिजन वापरतात. वर जितकं पीक जास्त, तितका खाली खर्च जास्त.

इथे एक कोडं मात्र आहे आणि मला ते फार आवडतं. सगळ्यात जास्त पीक येतं ओमानच्या बाजूला, पश्चिमेला. ऑक्सिजन मात्र सगळ्यात कमी आहे पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, भारताच्या बाजूला. साधा हिशेब इथे चुकतो. पश्चिमेला आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडचं त्यातल्या त्यात ताजं पाणी पोहोचत राहतं. पूर्वेला पोहोचणारं पाणी आधीच बरंच वापरलेलं असतं. शिवाय पश्चिमेला तयार झालेलं सेंद्रिय द्रव्य प्रवाहांबरोबर पूर्वेकडे सरकतं. म्हणजे हा थर कुठे किती दाट आहे, हे वरचं पीक आणि खालून वाहणारं पाणी, दोन्ही मिळून ठरवतात. त्यामुळे केवळ उपग्रहातून समुद्राचा हिरवा रंग पाहून हे कळत नाही. पाणी वर आणून मोजावंच लागतं.

मोजायचं कसं, हे जवळून पाहण्यासारखं आहे. जहाजावरून एक गोल चौकट खाली सोडतात. तिच्यावर दोन्ही टोकं उघडी असलेल्या उभ्या नळकांड्यांसारख्या बाटल्या असतात आणि खारटपणा, तापमान, खोली मोजणारी उपकरणं असतात. ठरलेल्या खोलीवर वरून इशारा मिळाला, की एकेक बाटली तिथल्या तिथे बंद होते. चौकट डेकवर आली, की ऑक्सिजनचा नमुना सर्वांत आधी काढतात, कारण हवेचा स्पर्श झाला की आकडा बिघडलाच. रबरी नळी काचेच्या छोट्या बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी सावकाश भरू द्यायचं, बाटली भरून वाहू द्यायची. एक बुडबुडाही चालत नाही. मग तिच्यात मँगनीजचं आणि अल्कधर्मी आयोडाइडचं द्रावण सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट हलवायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. जितका ऑक्सिजन, तितका रंग गडद. पुढे आम्ल घालून, मोकळं झालेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजतात. स्टार्चमुळे आलेला निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो, तिथे हिशेब पुरा.

ही रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये शोधली. आजही नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणं तिच्याशीच ताडून पाहतात. अरबी समुद्रातल्या त्या थराचं पाणी बाटलीत घेतलं, की साका पांढराच राहतो. शेजारी पृष्ठभागावरच्या पाण्याची तपकिरी बाटली ठेवली, तर वेगळं काही समजावून सांगायची गरज उरत नाही.

ऑक्सिजन संपला म्हणून जिवाणू थांबत नाहीत. ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात. यात समुद्राचं खत असलेला नायट्रोजन वायूरूप होऊन निघून जातो. खुल्या समुद्रात हे मोठ्या प्रमाणावर घडतं अशा जगातल्या तीन प्रमुख प्रदेशांपैकी एक अरबी समुद्र. बाकीचे दोन प्रशांत महासागराच्या पूर्व कडेला आहेत. या वाटेवर नायट्रस ऑक्साइडही तयार होतो आणि तापमानवाढीच्या बाबतीत त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून अधिक किलोंना भारी पडतो. आपल्या समुद्राच्या पोटात काय शिजतं याची दखल साऱ्या जगाच्या हवामानशास्त्राला घ्यावी लागते, ती यामुळे.

प्राण्यांनीही या थराशी जुळवून घेतलं आहे. बोटाएवढे कंदीलमासे, ज्यांच्या अंगावर प्रकाश देणारे ठिपके असतात, ते दिवसा याच कमी ऑक्सिजनच्या अंधारात राहतात. मोठे शिकारी मासे तिथे फार वेळ टिकू शकत नाहीत, आणि तेच कंदीलमाशांचं संरक्षण. सूर्य मावळला की हे छोटे मासे खाण्यासाठी वर येतात, पहाटे पुन्हा खाली. जहाजावरच्या ध्वनिमापकावर हा सगळा जमाव एका जाड पट्ट्यासारखा दिसतो, संध्याकाळी वर चढणारा आणि उजाडताना उतरणारा. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्यांना असा पट्टा समुद्राचा तळच वाटला होता.

आता पुन्हा किनाऱ्याकडे येऊ, कारण आपला सगळ्यात जवळचा संबंध इथेच येतो. उन्हाळ्याच्या अखेरीस केरळच्या बाजूने खालचं पाणी किनाऱ्याकडे चढू लागतं आणि पावसाळा पुढे सरकेल तसं ते उत्तरेला, गोवा-कोकणापर्यंत पोहोचतं. हे पाणी त्या थराच्या वरच्या कडेचं. त्यात खत भरपूर, ऑक्सिजन आधीच कमी. वरून कोकणातला धो धो पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी. ते हलकं असल्याने वरच्या काही मीटरांत झाकणासारखं बसतं, आणि खालच्या पाण्याला हवा मिळेनाशी होते. झाकणाच्या कडेला प्रकाश आणि खत एकत्र येतात, सूक्ष्म वनस्पती माजतात, तारली-बांगड्याला खाणं मिळतं. मेलेलं सगळं खाली जातं आणि उरलासुरला ऑक्सिजन संपवतं. आधी ऑक्सिजन, मग नायट्रेट, मग सल्फेटची पाळी, आणि तेव्हा तो सडक्या अंड्यांचा वास. वारे आणि प्रवाह फिरले, की नोव्हेंबरच्या सुमारास पाणी पुन्हा मोकळं होतं.

तळाशी राहणाऱ्या मासळीला आणि कोळंबीला या काळात किनाऱ्याकडे किंवा वर सरकावं लागतं. ज्यांना सरकता येत नाही, ते मरतात. मुंबईच्या समुद्रात हा थर उतारावरून किनाऱ्याकडे चढतो आणि मासेमारीवर परिणाम करतो, असं 1959 मध्येच कॅरुथर्स, गोगटे, नायडू आणि लाएवास्तू यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. 2000 साली सय्यद वजीह अहमद नक्वी आणि सहकाऱ्यांनी, पुन्हा 'नेचर'मध्येच, भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत या दिवसांत नायट्रस ऑक्साइड विलक्षण प्रमाणात साठतो हे दाखवलं, आणि जमिनीवरून वाहत येणाऱ्या नायट्रोजनकडे बोट दाखवलं. माणसाचा यातला वाटा नेमका किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. खालचं पाणी किनाऱ्याकडे चढणं मुळात नैसर्गिक आहे, यावर मात्र नाही.

थराचं वय किती, हे तळाच्या चिखलातून कळतं. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर, जिथे हा थर समुद्रतळाला टेकतो, तिथे चिखल उकरणारे किडे जगूच शकत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षं साचलेले पातळ पापुद्रे न विस्कटता राहतात. गाळाचे लांब नमुने काढून पाहिले, तर पापुद्र्यांचे आणि विस्कटलेल्या चिखलाचे पट्टे एकाआड एक दिसतात. हिमयुगातल्या कडक थंडीच्या काळात थर विरळ झाला होता, उबदार काळात दाट. आता समुद्र तापतोय, म्हणून ही जुनी नोंद आज फार महत्त्वाची. उबदार पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि वरचं-खालचं पाणी मिसळणंही अवघड होतं. 1960 नंतरच्या पन्नास वर्षांत जगभरच्या समुद्रांतला ऑक्सिजन सुमारे 2 टक्क्यांनी घटला, असा हिशेब 2017 मध्ये प्रसिद्ध झाला.

चाचेगिरीमुळे अरबी समुद्राच्या वायव्य भागात जहाजं नेणं बराच काळ धोक्याचं होतं. मग संशोधकांनी ओमानच्या आखातात माणसाविना पोहणारी ग्लायडर यंत्रं सोडली, आणि 2018 मध्ये कळलं, की ऑक्सिजन हरवलेलं पाणी अपेक्षेपेक्षा बरंच पसरलं आहे. खुल्या समुद्रात आता आर्गो फ्लोट आहेत. ते 1000 मीटरवर तरंगत राहतात, दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरून वर येताना मोजमाप घेतात आणि उपग्रहाला कळवतात. त्यांतल्या काहींवर ऑक्सिजन मोजणारे संवेदकही आहेत. पण पंधरा वाव पाण्यात हा फ्लोट कामाचा नाही. तिथे अजूनही माणसालाच होडीतून जावं लागतं, पावसाळी लाटांमध्येही.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना मासळी कुठे मिळू शकेल याची सूचना देते. ती पृष्ठभागाचं तापमान आणि हिरवेपणा यांवर, उपग्रहाच्या आधारे, बेतलेली असते. महाराष्ट्रात पावसाळी मासेमारीबंदी उठते आणि ट्रॉलर बाहेर पडतात, ते नेमके तळाचा ऑक्सिजन घसरत असतानाच. वर हिरवं पाणी दिसत असताना खालचं जाळं रिकामं का येतं, याचं उत्तर त्या सूचनेत नाही. कांदोळीसारखी एकेक ठरलेली जागा मालवण, रत्नागिरी, मुरुड, वसईसमोरही असावी, तिथे महिन्याच्या महिन्याला बाटल्या भरल्या जाव्यात, आणि तळाच्या ऑक्सिजनचा आकडा त्याच सूचनेत नाखव्याच्या मोबाइलवर जावा. लागणारं रसायन 1888 पासून आपल्याकडे आहे, आणि ते वापरणारी माणसं दोना पावलला.