पहिले इंजिन किट : नागपुरातील प्रतिकृती-जुळणी

सुटे भाग जोडून रुळांवर धावणारी रेल्वे-इंजिनाची लहान प्रतिकृती तयार करणे, याला इंजिन किट बांधणे म्हणतात. भाग प्लॅस्टिकचे, ओतीव पांढऱ्या धातूचे, आम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे किंवा अलीकडे थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनचे असतात. मोटर, चाके आणि रंग पुष्कळदा वेगळे विकत घ्यावे लागतात, हे नवख्याला पेटी उघडल्यावरच कळते.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. जगात सर्वाधिक चालणारे एचओ प्रमाण १:८७, म्हणजे मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढे असून त्याच्या रुळांतील अंतर १६.५ मिमी असते. हे अंतर १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवरून (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) आलेले आहे. भारतीय ब्रॉड गेज १,६७६ मिमीचा. त्याला ८७ने भागले तर १९ मिमीहून थोडे अधिक भरते. त्यामुळे नागपुरातील अजनी शेडमधल्या डब्ल्यूएपी-७ या विजेच्या इंजिनाची प्रतिकृती बाजारातल्या तयार रुळांवर उभी केली की वरची बॉडी बरोबर असूनही खालची चाके आत ओढल्यासारखी दिसतात. बहुतेक हौशी लोक तेवढे चालवून घेतात.

नॅरो गेजचे गणित मात्र जमते. ७६२ मिमीचे एचओत ८.७६ मिमी होतात आणि एचओपेक्षा लहान अशा एन प्रमाणाचे ९ मिमीचे रूळ व चॅसी (चाके आणि मोटर धरणारा खालचा सांगाडा) तयार मिळतात. नागपूरकराला हा योग सोयीचा आहे, कारण हे शहर सातपुड्यातील नॅरो गेज जाळ्याचे एक टोक होते. नागपूर–नागभीड मार्गावरची छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये थांबली. कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत २००२ साली सुरू झालेल्या नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात या गेजची खरी इंजिने पाहता येतात. कॅबच्या पायऱ्या, बफरची उंची, रिव्हेटच्या ओळी हे सगळे छायाचित्रापेक्षा तिथे जास्त नीट समजते.

म्हणून पहिले किट नॅरो गेजचे, त्यातही तयार चॅसीवर बसणाऱ्या बॉडीचे घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. झेडडीएम मालिकेतली डिझेल इंजिने (झेड म्हणजे नॅरो गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी व माल दोन्हींसाठी) चौकोनी धाटणीची असल्याने हाताला सोपी जातात. वाफेचे इंजिन देखणे खरे, पण त्याची चॅसी स्वतः बांधायची तर क्वार्टरिंग, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांचे कोन जुळवणे, गळ्यात पडते. खऱ्या दोन-सिलिंडरी इंजिनात डाव्या-उजव्या क्रँकमध्ये (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या जोडात) ९० अंशांचा फरक असतो, जेणेकरून एक बाजू मृतबिंदूवर, म्हणजे जोर लागूनही चाक फिरत नाही अशा जागी, असताना दुसरी जोर देते. प्रतिकृतीत मोटर सहसा एकच आस फिरवते व बाकीची चाके साइड रॉडने, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या बाजूच्या दांड्याने, ओढली जातात. इथे नेमके ९०च हवेत असे नाही. ८८ही चालतील, मात्र सगळ्या आसांवर ८८च हवेत. एक आस जरी निराळी बसली तरी इंजिन प्रत्येक फेऱ्यात एकदा अडखळते. मग लोक रॉडची भोके मोठी करत बसतात आणि दोष तसाच राहून वर खडखडाट वाढतो.

पितळी किटला अवजारे लागतात ती सोनाराच्या पेटीतलीच: बारीक कानस, आरी, चिमटा, रीमर (भोक रुंद करण्याचे अवजार). इतवारीच्या सराफ्यात कारागीर त्यांवर रोज हात चालवतात. त्यांच्या हातांकडे दहा मिनिटे पाहणे कोणत्याही सूचनापत्रकापेक्षा उपयोगी. पत्र्यावरची अर्धवट कोरलेली रेघ घडीच्या आतल्या बाजूला ठेवायची आणि घडी एकदाच घालायची; उलगडून पुन्हा दुमडली की पत्रा तुटतो. रेडिओ-दुरुस्तीचे कथिल-शिशाचे सोल्डर पितळाला चालते. पांढऱ्या धातूला मात्र सुमारे ७० अंशांवर वितळणारे खास सोल्डर व तापमान आवरता येणारे सोल्डरिंग आयर्न हवे, नाहीतर अख्खा चिमणीचा भाग डोळ्यांदेखत गोळा होतो. आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचे द्रव्य) वापरला असेल तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवावे. उरलेले आम्ल पुढे रंगाखालून हिरवे फुटते.

हवामानाची बाब परदेशी सूचनापत्रकांत सापडत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की एअरब्रशमधला रंग पृष्ठभागाला लागण्याआधीच वाळतो आणि बॉडी पॉलिशपेपरसारखी खरखरीत होते. दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद मिसळता मिसळता आवळतो. कूलरसमोर बसून रंगकाम करणे तर सर्वांत वाईट, कारण ओल आणि धूळ दोन्ही एकदम येतात. पावसाळ्यात झटपट चिकटणाऱ्या गोंदाची पांढरी झाक आजूबाजूला धरते. रेझिनची बॉडी उन्हात उभ्या मोटारीत विसरली तर ती वाकते. रंगकाम दिवाळी ते होळी या काळात उरकावे. उन्हाळ्यात फार तर कापणे आणि घासणे.

रंग देण्याआधी चॅसी नुसतीच धावून पाहावी. १२ व्होल्टच्या नियंत्रकावर मध्यम वेगाने दोन्ही दिशांना निदान अर्धा-अर्धा तास चालवल्यास गिअर एकमेकांत नीट बसतात. सरळ रुळावर नीट धावणारे इंजिन वळणावर थांबले, तर बहुधा विजेचे टेकू, म्हणजे चाकाला स्पर्श करणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या तारा, सुटलेल्या असतात. त्या चिमट्याने किंचित आत वाकवाव्यात. जास्त दाबल्या तर त्याच ब्रेक लावतात.