औद्योगिक धोरण आणि वकिली (सोलापूर)

औद्योगिक धोरण म्हणजे सरकार कुठल्या धंद्याला हात देणार, जमीन कुठे देणार, कुठला कर किती वर्षं सोडणार आणि लगाम कोणाला लावणार हे ठरवणारा कागद. केंद्राचे मोठे कागद १९४८, १९५६ आणि १९९१ चे, राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपात चालू आहे, वस्त्रोद्योगाचं वेगळं धोरण २०२३-२८ चं. सोलापूरच्या कारखानदाराकडे हे सगळं जीआर म्हणून पोचतं, तेही बहुतेक व्हॉट्सॅपवर पीडीएफ. आता जीआर हा काही कायदा नसतो, त्यात सवलत लिहिलीय म्हणजे ती हातात पडलीच असं होत नाही, पण त्याच्या भरवशावर कोणी कर्ज काढून लूम बसवले तर सरकारलाही मग सहज हात वर करता येत नाहीत, आणि वकिलाला इथेच काम आहे.

जुनी मिल आणि सुप्रीम कोर्ट

ह्या विषयात सोलापूर फार जुनं आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ ची. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली, हजारो कामगार रस्त्यावर, आणि कारभार नीट नाही म्हणून जानेवारी १९५० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून व्यवस्थापन स्वतःकडे घेतलं, मग त्याचाच कायदा केला. एका गावातल्या एका कंपनीसाठी संसदेचा अख्खा कायदा! एक साधा शेअर असलेले चरणजीत लाल चौधरी थेट सुप्रीम कोर्टात गेले, म्हणाले बाकीच्या गिरण्या सोडून आमच्याच कंपनीला कायदा का, हा समानतेचा भंग आहे. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ते हरले. एकटी कंपनीसुद्धा स्वतःच एक वर्ग असू शकते आणि कायदा घटनेला धरूनच आहे असं आधी गृहीत धरायचं, हे तत्त्व तिथे पक्कं झालं. लॉ कॉलेजची पोरं ही केस पाठ करतात पण ती आपल्या जुन्या मिलची आहे हे निम्म्यांना माहीत नसतं.

पुढचा भाग अजून भारी आहे. सरकारने नेमलेल्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरवर (लाभांश आधी मिळणारे शेअर) प्रत्येकी ५० रुपये आणखी भरा म्हणून सांगितलं, त्यावर द्वारकादास श्रीनिवास कोर्टात गेले, आणि डिसेंबर १९५३ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने तोच कायदा पाडला, कारण भरपाई न देता मालमत्ता काढून घेतल्यासारखंच झालं होतं. मग १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली, त्यात मर्यादित काळासाठी व्यवस्थापन ताब्यात घ्यायला घटनेच्या ३१अ कलमात संरक्षण दिलं. दरम्यान १९५१ च्या उद्योग विकास व नियमन कायद्यात १९५३ साली १८अ कलम घालून कुठल्याही गिरणीचा ताबा घ्यायची सोय झाली होती, म्हणजे दर वेळी वेगळा कायदा करायला नको.

सवलतीचं वचन

कारखान्याला सरकारी परवाना लागण्याचा जमाना १९९१ ला बराचसा संपला, आता भांडण सवलतीवरून. वीज शुल्क माफी, स्टॅम्प ड्युटी माफी, एसजीएसटीचा (राज्याच्या वाट्याचा जीएसटी) परतावा, व्याजावर सबसिडी. १९७९ च्या मोतीलाल पदमपत शुगर मिल्स केसमध्ये कोर्ट म्हणालं की सरकारच्या शब्दावर विसंबून कोणी कारखाना काढला तर सरकार त्या शब्दाला बांधलेलं आहे. नंतर जनहिताचं कारण दाखवून मागे फिरता येतं असेही निकाल आले. पण डिसेंबर २०२० ची ब्रह्मपुत्रा मेटॅलिक्स केस सोलापूरच्या माणसाने जरूर वाचावी: झारखंडने २०१२ च्या धोरणात वीज शुल्कात ५० टक्के सूट कबूल केली आणि अधिसूचना काढली जानेवारी २०१५ मध्ये, आणि मधल्या वर्षांचं काय तर तुमचं तुम्ही बघा. कोर्टाने ते चालू दिलं नाही, रास्त अपेक्षा मोडणं म्हणजे मनमानी असं सांगितलं.

अशा केसेस हायकोर्टात जिंकायला कागद जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज करतानाच नीट लागतात. कुठल्या तारखेला गुंतवणूक झाली, उत्पादन कधी सुरू, पात्रता प्रमाणपत्र कधी मागितलं. आपल्याकडे हे सगळं सीए आणि कन्सल्टंट बघतात आणि वकील आठवतो क्लेम नाकारल्यावर, हे माझ्या मते उलटं आहे.

रोजचं काम

अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतले प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर असतात, मालकीचे नसतात, त्यामुळे विकताना, बँकेत तारण ठेवताना, भावाभावांत वाटणी करताना प्रत्येक वेळी एमआयडीसीची परवानगी, आणि मुदतीत बांधकाम केलं नाही तर प्लॉट जायची नोटीस. दुसऱ्या बाजूला १९६१ च्या एमआयडीसी कायद्याखाली जमीन गेलेला शेतकरी, त्याचा मोबदला. त्यालाही वकील लागतोच.

टॉवेल-चादरीचा धंदा उधारीवर चालतो, म्हणून सगळ्यात उपयोगाचा कायदा २००६ चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, ते पण दरमहा धरून. दाद ह्याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, आणि कौन्सिलच्या निकालाला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरा. शिवाय आता आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच)) मुदतीत न दिलेला आणि वर्षअखेर थकलेला पैसा खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) माल पाठवायच्या आधीची असावी, नंतर काढली की वाद सुरू.

सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, पण नक्कल करणाऱ्यावर दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली टाकता येत नाही आणि नोंदणीचं ऑफिस चेन्नईला, त्यामुळे बाजारात नकली माल दिसला तरी लहान विणकर तिथवर जातच नाही.

कामगारांचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड (कामगार संहिता) लागू झाले, २९ केंद्रीय कायदे त्यात गेले. विजेवर चालणाऱ्या जागेत २० कामगार झाले की फॅक्टरी, मग तिचे नियम लागतात, म्हणून एकाच शेडमध्ये बायकोच्या नावाने एक आणि मेहुण्याच्या नावाने दुसरं युनिट दाखवायची खोड काही जाणार नाही, आणि ते खरंच वेगळं आहे की कागदावरच, ह्यावर दोन्ही बाजूंचे वकील भांडत राहणार. ३०० पेक्षा कमी कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत नाही, आधी ही मर्यादा १०० होती.

१८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे, त्यामुळे सवलत नाकारली, प्लॉट काढून घेतला असल्या रिट (सरकारविरुद्धच्या याचिका) आता तिकडे. कंपनी दिवाळखोरीत गेली तर मात्र एनसीएलटीसाठी (कंपन्यांचं न्यायाधिकरण) मुंबईच गाठावी लागते.