डाउनलोड आणि टोरंट: दिसायला एक, धोका वेगळा

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात होमस्टे झाले तसे घरोघरी टेबलावर कॉम्प्युटरही आले. दिवसा त्यावर बुकिंग, बिलं, पाहुण्यांची आधार कार्डं स्कॅन करणं, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म. रात्री त्याच कॉम्प्युटरवर घरातला कॉलेजवाला टोरंट (सिनेमे वगैरे मोठ्या फाइली उतरवायची पद्धत) लावून झोपतो. त्याला हटकलं तर म्हणतो, "मी खंय कोणाक काय देतंय? मी फकत डाउनलोड करतंय."

तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं, कारण साधं डाउनलोड असो की टोरंट, स्क्रीनवर तीच हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते.

साध्या डाउनलोडमध्ये दोनच पक्ष असतात. लिब्रेऑफिससारख्या फुकट प्रोग्रॅमच्या साइटवर जाऊन तुम्ही बटण दाबता, सर्व्हर फाइल पाठवतो, फाइल आली की संबंध संपला. तुमचा आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर) त्या सर्व्हरला कळतो, शेजारी तीच फाइल घेणाऱ्या दुसऱ्या कोणाला कळत नाही. काही बिघडलं तर कोणाच्या साइटवरून घेतलं हे सांगता येतं.

टोरंट म्हणजे रापण, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मासेमारीचं जाळं. दोराला हात लावला की वाटा मिळतो, पण हात लावावाच लागतो. ब्रॅम कोहेन यांनी 2001 साली बिटटोरंट, म्हणजे टोरंटमागची मूळ पद्धत, आणलं ते याच बेतावर: फाइलचे लहान लहान तुकडे करायचे आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने इतरांना द्यायचा. तुमची फाइल वीस टक्केही झालेली नसते, तेव्हाच तुमचा कॉम्प्युटर आलेले तुकडे बाहेर पाठवू लागलेला असतो. शंभर टक्के झाल्यावरही तो थांबत नाही. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी बरेचसे प्रोग्रॅम बंद होत नाहीत, घड्याळाशेजारच्या बारक्या आयकॉनमध्ये जाऊन बसतात आणि पाठवणं चालूच राहतं.

खात्री करायची तर क्यूबिटटोरंट किंवा यूटोरंट या टोरंट प्रोग्रॅममध्ये चालू फाइलवर क्लिक करून खालचा 'पीअर्स' (तुकडे देणारे-घेणारे) टॅब उघडा. एकाखाली एक आयपी अ‍ॅड्रेस, शेजारी देशाचा झेंडा, तो माणूस कुठला प्रोग्रॅम वापरतोय आणि तुमच्याकडून किती घेतोय, सगळं दिसतं. त्याच्या यादीत तुम्ही तसेच दिसत असता. आयपीवरून अनोळखी माणसाला तुमचं नाव-गाव कळत नाही, पण इंटरनेट कंपनीला कळतं. थिएटरात चालू असलेला सिनेमा असा घेणारा तो इतरांना वाटतही असतो, ही यातली खरी मेख. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 63 खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. घरचं कनेक्शन सहसा वडिलांच्या नावावर असतं, हे पोरांना कोणी सांगत नाही.

आता फाइलच्या आतल्या घाणीबद्दल. "तुकडे तपासून घेतो, म्हणजे फाइल चांगलीच असणार," असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. टोरंट प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्या तुकड्यावरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा आकडा) तपासतो हे खरं. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की टोरंट बनवणाऱ्याने जे ठेवलं तेच तुमच्यापर्यंत पोचलं. त्याने व्हायरस ठेवला असेल तर तोही एक बाइट इकडे-तिकडे न होता पोचेल. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन (फाइल कसली ते सांगणारी नावामागची अक्षरं) लपवतं, त्यामुळे 'सिनेमा.एमपी४.ईएक्सई' ही प्रत्यक्षात प्रोग्रॅम असलेली फाइल नुसती 'सिनेमा.एमपी४' दिसते. डबल क्लिक केलं की सिनेमा लागत नाही, आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलणारं काहीतरी चालू होतं.

हा धोका साध्या डाउनलोडलाही आहे, उगाच त्याला साधू ठरवायला नको. 2016 च्या मार्चमध्ये ट्रान्समिशन या मॅकवरच्या टोरंट प्रोग्रॅमच्या अधिकृत साइटवरच कोणीतरी बिघडवलेली फाइल चढवली. ती घेणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर तीन दिवस काही झालं नाही. मग फाइली कुलूपबंद झाल्या आणि एका बिटकॉइनची खंडणी मागितली गेली. प्रोग्रॅम टोरंटचा होता, पण लोकांनी तो घेतला होता साइटवरचं बटण दाबून.

टोरंटचा वेगळा धोका आहे तो उघड्या दाराचा. बाहेरच्यांना तुमच्याकडून तुकडे घेता यावेत म्हणून प्रोग्रॅम यूपीएनपी ही राउटरमधली सोय वापरून राउटरला परस्पर एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायला सांगतो. साध्या डाउनलोडला असं काही लागत नाही. पोर्ट उघडा, प्रोग्रॅम रात्रभर चालू आणि त्यातच एखादी चूक राहिलेली, असं जुळलं की प्रकरण वाढतं. प्रोग्रॅममध्ये चुका राहतातच: 2018 मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवलं की यूटोरंट चालू असताना नुसती एखादी वेबसाइट उघडली तरी ती साइट यूटोरंटला हुकूम देऊ शकते. अपडेट आलं, पण घरच्या कॉम्प्युटरवर यूटोरंट अपडेट करतं कोण?

एक घोळ मात्र मिटवायला हवा. "टोरंट लावला की अख्खी हार्ड डिस्क लोकांना दिसते" हे बरोबर नाही. बिटटोरंट फक्त त्या-त्या टोरंटमधल्या फाइली वाटतो. अख्खे फोल्डर वाटायची पद्धत काझा, लाइमवायर या जुन्या फाइल-शेअरिंग प्रोग्रॅमची होती, आणि त्याच जातीचे इम्यूल, सोलसीक आजही फोल्डरच वाटतात. तिथे चुकून 'डॉक्युमेंट्स' निवडलं की आत असेल ते सगळं बाहेर. 2010 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जवळपास शंभर संस्थांना कळवलं होतं की त्यांच्याकडची ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची माहिती अशा नेटवर्कांवर फिरतेय. पाहुण्यांचे पासपोर्ट ज्या फोल्डरमध्ये आहेत, तो शेअर झाला तर आपलंही तेच.

टोरंटच मुळात वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. उबंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची पाच-सहा जीबीची फाइल पावसाळ्यात घ्यायची तर मी टोरंटनेच घेईन. जोराचा वारा सुटला की आमच्याकडे लाइट जाते, आणि ब्राउझरमधलं डाउनलोड पुष्कळदा पहिल्यापासून करावं लागतं. टोरंट राहिलेल्या तुकड्यापासून पुढे चालू होतो. फक्त टोरंटची फाइल उबंटूच्याच साइटवरून घ्यायची.

होमस्टेच्या कॉम्प्युटरवर मात्र टोरंट नकोच. दुसरा कॉम्प्युटर नसेल तर पोराला विंडोजमध्ये वेगळं स्टँडर्ड अकाउंट काढून द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा आणि पाहुण्यांची कागदपत्रं आपल्याच अकाउंटमध्ये असू द्या. राउटरच्या सेटिंगमध्ये यूपीएनपी बंद करा. टोरंट थोडा हळू होईल, बाकी सहसा काही अडत नाही. विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दिसायला लावा. टोरंट प्रोग्रॅम बंद करायचा तो घड्याळाशेजारच्या आयकॉनवर राइट क्लिक करून, 'एक्झिट' देऊन. आणि उतरवलेल्या फोल्डरमध्ये 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा' अशी चिठ्ठी सापडली, तर आतलं काही न उघडता अख्खा फोल्डर डिलीट करा.