सावलीची कड आणि सावलीचा गडदपणा

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर लावला की एक वाक्य सतत कानावर पडायला लागतं: "लाइट फार हार्ड आलाय, जरा सॉफ्ट कर." असं म्हणणाऱ्याला नेमकं काय खुपतंय ते विचारून बघा. एकाला नाकाच्या सावलीची धारदार कड नको असते. दुसऱ्याला कडेचं काहीच वाटत नाही, त्याला गालाची एक बाजू काळी पडलेली आवडलेली नसते. तक्रारी दोन आहेत, शब्द मात्र दोघांचाही एकच. त्यामुळे सावली उजळायची असते तेव्हा माणूस मोठा सॉफ्टबॉक्स (पुढे पांढरं कापड ताणलेली, फ्लॅशवर बसवायची पेटी) आणतो, आणि कड विरघळवायची असते तेव्हा पलीकडे रिफ्लेक्टर (उजेड परत फेकणारा पांढरा पृष्ठभाग) धरून बसतो. मग "एवढं करूनही लाइट हार्डच" म्हणून वैतागतो.

सावलीची कड ठरते प्रकाश येणाऱ्या पृष्ठभागाच्या आकारावर, म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्याच्या जागेवरून तो पृष्ठभाग किती मोठा दिसतो यावर. सावलीचा गडदपणा ठरतो त्या सावलीत दुसरीकडून किती उजेड पोचतो यावर. हे एवढं नीट वेगळं करता आलं तर एका फ्लॅशमध्येही बरंच काही करता येतं.

हे डोळ्यांनी बघायचं तर एक अंडं पुरतं. टेबलावर पांढरा कागद अंथरा, त्यावर अंडं ठेवा, डावीकडे साधारण एक मीटरवर उघडा फ्लॅश लावा आणि खोलीतले दिवे बंद करा. अंड्याची सावली कागदावर कात्रीने कापल्यासारखी पडेल. आता उजवीकडे, फ्रेमच्या जेमतेम बाहेर, थर्माकोलचा तुकडा उभा करा. सावली काळ्याची करडी होईल. पण झूम करून कड बघा, ती जशीच्या तशी असते, फक्त आता ती काळी-पांढरी न राहता करडी-पांढरी झालेली असते. गोंधळाचं मूळ मला वाटतं इथेच आहे. सावली उजळली की कड डोळ्यांना कमी टोचते, आणि आपण समजतो की ती मऊ झाली.

थर्माकोल काढा, त्या जागी काळं कापड टांगा. मग एका चौकटीवर मोठा ट्रेसिंग पेपर ताणून तो फ्लॅश आणि अंडं यांच्या मध्ये, अंड्याच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा. फ्लॅश थोडा मागे घ्या, म्हणजे सगळा कागद उजळेल. आता अंड्याच्या उजेडाच्या बाजूकडून अंधाराच्या बाजूकडे जाताना रेघ कुठेच सापडत नाही, रंग हळूहळू उतरत जातो. तरी अंड्याची पलीकडची बाजू मात्र चांगली काळी राहते. म्हणजे कड मऊ आणि सावली गडद. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एका अंड्याचेच फोटो काढत बसलो होतो.

हाच ट्रेसिंग पेपर फ्लॅशच्या तोंडावर चिकटवला तर कडेत काहीच फरक पडत नाही, कारण प्रकाश येणारा पृष्ठभाग तेवढाच राहतो, सातएक सेंटिमीटर रुंद. प्रकाश 'पसरवला' म्हणजे मऊ झाला असं नसतं. फ्लॅशवर बसवायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टोपीचं रहस्यही हेच. लहान, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ती छान चालते, कारण ती उजेड चहूकडे फेकते आणि भिंती व छत तो परत पाठवतात. त्यातून सावल्या भरून निघतात. तीच टोपी घेऊन मोकळ्या मैदानात संध्याकाळी पोर्ट्रेट काढा, नाकाची सावली उघड्या फ्लॅशइतकीच धारदार येईल. मैदानात उजेड परत पाठवायला काहीच नसतं. टोपीने फक्त बॅटरी खाल्लेली असते.

कडेचं गणित सोपं आहे, आणि एकदा करून बघण्यासारखं आहे. शाळेत ग्रहणाच्या धड्यात प्रच्छाया (पूर्ण गडद सावली) आणि उपच्छाया (तिच्या भोवतीची अर्धवट सावली) शिकलो होतो, तेच इथे लागू पडतं. आपली 'कड' म्हणजे उपच्छायेचा पट्टा. तिची रुंदी काढायची तर प्रकाशस्रोताच्या रुंदीला, सावली पाडणारी वस्तू सावलीपासून जितकी दूर आहे त्या अंतराने गुणायचं आणि स्रोत त्या वस्तूपासून जितका दूर आहे त्या अंतराने भागायचं. नाकाच्या टोकापासून गालावर सावली पडते तिथपर्यंत पाच सेंटिमीटर धरू. एक मीटरवर उघडा फ्लॅश असेल तर कड साधारण साडेतीन मिलिमीटरची. तिथेच ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स लावला तर तीन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खा गाल व्यापणारी उतरण. पण तोच सॉफ्टबॉक्स तीन मीटरवर नेला की कड एका सेंटिमीटरवर येते. सूर्य एवढा अवाढव्य, पण १५ कोटी किलोमीटरवरून तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून दुपारच्या उन्हात याच नाकाची कड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

यातून आणखी एक गोष्ट कळते, जी पोर्ट्रेटमध्ये फार उपयोगी पडते. एकाच फोटोत एकाच फ्लॅशने पडलेल्या सगळ्या सावल्यांची कड सारखी नसते. नाकाची सावली जवळच्या गालावर पडते, म्हणून ती तुलनेने धारदार. त्याच डोक्याची सावली मागच्या दीड मीटरवरच्या भिंतीवर पडते, म्हणून ती धुरकट. भिंतीवरची सावली ठसठशीत हवी असेल तर लाइट बदलायच्या आधी माणसाला भिंतीजवळ उभं करा.

आता गडदपणा. त्यासाठी दुसरा फ्लॅश लागतोच असं नाही. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात येऊन जातो. त्यामुळे सिंक स्पीडच्या (फ्लॅशसोबत वापरता येणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या) आत शटर किती वेळ उघडं राहिलं याचा त्याच्यावर परिणाम होत नाही. खोलीतल्या आधीच असलेल्या उजेडावर मात्र होतो. शटर १/२०० वरून १/२५ वर आणलं तर खोलीचा उजेड तीन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड), म्हणजे आठपट वाढतो. फ्लॅशने उजळलेला गाल जवळपास तसाच राहतो आणि सावलीतला गाल वर येतो. कड तिथेच. समोरच्या माणसाला जरा स्थिर बसायला सांगावं लागतं, आणि खोलीतला दिवा पिवळा असेल तर सावल्याही पिवळ्या होतात. ते नको असेल तर फ्लॅशवर नारंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून व्हाइट बॅलन्स त्याप्रमाणे ठेवा. मला स्वतःला त्या किंचित उबदार सावल्या आवडतात.

दुसरा फ्लॅश असेलच तर तो कॅमेऱ्याच्या रेषेत, कमी पॉवरवर, फिल म्हणजे सावली भरणारा लाइट म्हणून लावा. मुख्य लाइटपेक्षा एक स्टॉप कमी ठेवला तर उजळ बाजू आणि सावली यांचं प्रमाण ३:१ होतं, दोन स्टॉप कमी ठेवला तर ५:१. फिलच्या लाइटची स्वतःची दुसरी सावली दिसायला लागली की चेहरा लगेच खोटा वाटतो, म्हणून हा लाइट शक्य तितका मोठा आणि कॅमेऱ्याच्या जवळ हवा.

खरी गंमत आहे ती दोन्ही गोष्टी एकाच हालचालीने उलट दिशांना जातात तेव्हा. सॉफ्टबॉक्स २.४ मीटरवर आहे असं समजा. तो ६० सेंटिमीटरवर आणला की चौपट जवळ आला, कड मऊ झाली. एक्सपोजर तेच राखायला पॉवर साधारण १/१६ करावी लागते. पण पॉवर कमी केली म्हणजे भिंती, छत, जमीन यांच्याकडे जाणारा उजेडही तितकाच घटला, आणि तिथून सावलीत परत येणाराही घटला. म्हणून 'सॉफ्ट करायला' लाइट जवळ आणणाऱ्याला फोटो आधीपेक्षा जास्त नाट्यमय मिळतो. शिवाय जवळच्या लाइटचा उजेड चेहऱ्यावरच पटकन उतरतो: पुढचा गाल ५० सेंटिमीटरवर आणि मागचा कान ६५ वर असेल तर तेवढ्यातच पाऊण स्टॉपचा फरक पडतो. दोन मीटरवरून हा फरक नजरेला कळतही नाही.

ग्रिडचंही तसंच. सॉफ्टबॉक्सवर जाळी लावली की "लाइट हार्ड झाला" म्हणतात. जाळीच्या ऐन समोर बसलेल्या माणसाला सॉफ्टबॉक्स आधीइतकाच मोठा दिसत असतो, त्यामुळे कड जवळपास तीच राहते. बाजूला सांडणारा उजेड थांबतो, म्हणून सावल्या गडद होतात.

मऊ कड आणि उजळ सावली हे जोडपं सगळ्यांना माहीत आहे, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. धारदार कड आणि काळी सावली हेही ओळखीचं. मला ओढ आहे ती मधल्या दोन उलट्या जोड्यांची. धारदार कड आणि उजळ सावली: उघडा फ्लॅश उंचावर, लांब, आणि भरपूर फिल. चेहऱ्याची हाडं, दागिन्यांच्या सावल्या, पानांच्या शिरा स्वच्छ रेखाटल्यासारख्या येतात, तरी काहीच अंधारात हरवत नाही. मऊ कड आणि काळी सावली: मोठा पृष्ठभाग अगदी जवळ आणि पलीकडे काळं कापड. मातीचं भांडं, सुकलेलं फूल, म्हाताऱ्या माणसाचे हात यांच्यासाठी मला यापेक्षा चांगलं काही सापडलेलं नाही.

काच आणि स्टील मात्र वेगळं प्रकरण आहे. चकचकीत वस्तूवर आपण सावली कमी आणि प्रतिबिंब जास्त बघत असतो. तिथे ट्रेसिंग पेपर मागेपुढे केला की पांढऱ्या पट्ट्याची रुंदी आणि त्याच्या कडेची उतरण बदलते. गडदपणा काळ्या पुठ्ठ्याचं प्रतिबिंब कुठे पडतं त्यावर ठरतो.

काम करताना क्रम पाळला तर वेळ वाचतो. आधी लाइटचा आकार आणि अंतर ठरवा, नाकाच्या किंवा देठाच्या सावलीची कड हवी तशी आली का ते झूम करून बघा. गडदपणाला हात त्यानंतर घाला. लाइट हलवला की गडदपणाही हलतो, पण थर्माकोल किंवा शटर कितीही बदललं तरी कड आपली जागा सोडत नाही.