मच्छिंद्री बघायला जाणाऱ्यांसाठी त्सुनामीची पार्श्वभूमी

पावसाळ्यात कोल्हापुरात सगळ्यांचा एकच प्रश्न, मच्छिंद्री झाली काय? म्हणजे पंचगंगेचं पाणी शिवाजी पुलावरच्या माशाच्या खुणेला टेकलं का. टेकलं की पोराबाळांना गाडीवर घेऊन माणसं पूर बघायला निघतात, कणीस खात उभी राहतात, मी पण जातो, खोटं कशाला बोलू. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आकडे मोबाईलवर येत राहतात, नदी सांगून येते. हीच सवय घेऊन आपण सुट्टीला कोकणात उतरतो, आणि त्सुनामीचा इतिहास वाचायला लागलं की ही ‘बघायला गेलेली’ माणसं जागोजागी भेटतात.

हवाईतलं हिलो गाव घ्या. १९४६ ला अलास्काकडच्या भूकंपानं हवाईत दीडशेवर माणसं गेली, त्यातनं १९४९ ला पॅसिफिकसाठी इशारा केंद्र उभं राहिलं. मग १९६० ला चिलीत ९.५ चा भूकंप झाला, केंद्रानं वेळेत सांगितलं, रात्री साडेआठला भोंगे वाजले, पण पहिल्या लाटा बारक्या निघाल्या, लोकांना वाटलं झालं एवढंच, काहीजण घरी परतले, काही तर मुद्दाम बघायला आले, आणि एकच्या सुमाराला खरी मोठी लाट आली. ६१ मेले. लाटा तासन्‌तास येत राहतात, पहिलीच मोठी असते असं नाही, त्यामुळं सरकार ‘आता जावा’ म्हणेपर्यंत खाली यायचं नाही, हे हिलोनं असं शिकवलं.

आपल्या अरबी समुद्रात कुठं काय होतंय म्हणणाऱ्यांना एक तारीख, २८ नोव्हेंबर १९४५. पाकिस्तान-इराणकडच्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ चा भूकंप झाला आणि काही तासात लाटा मुंबईत पोचल्या.

२००४ तर आपल्या डोळ्यासमोरचं. २६ डिसेंबरला सकाळी ६:२९ ला सुमात्राजवळ जमीन हलली, चेन्नईला लाट नऊच्या आसपास आली, मधे दोन-अडीच तास होते पण सांगणारी यंत्रणाच नव्हती. सगळे देश मिळून सव्वादोन लाखाच्या वर माणसं गेली. काही किनाऱ्यांवर समुद्र आधी मागं हटला, तळ उघडा पडला, आणि लोक तिकडंच बघत राहिले. थायलंडमध्ये एका दहा वर्षाच्या इंग्रज पोरीनं पाण्याला आलेला विचित्र फेस ओळखला, दोनच आठवड्यापूर्वी भूगोलाच्या तासाला शिकली होती, तिच्यामुळं बीच रिकामा झाला. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर तर १९०७ च्या लाटेची गोष्ट आज्या नातवंडांना सांगत आल्यात, जमीन जोरात हलली की डोंगराकडं पळा. सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीत फक्त सातजण गेले. मशीन नाही, सायरन नाही, नुसती गोष्ट!

हैदराबादचं आपलं इशारा केंद्र २००७ ला सुरू झालं, भूकंपानंतर दहाएक मिनिटात पहिली सूचना काढतं. तरी भूकंप जवळ झाला तर मोबाईल वाजायची वाट बघत बसायचं नाही, हादरा लांबला किंवा पाणी अचानक हटलं की गाडीच्या नादाला न लागता चालत उंचावर.

गणपतीपुळ्याला देवळामागंच डोंगर आहे, सोपं काम. देवबागला मात्र एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, तिथं उंच म्हणजे एखाद्या पक्क्या बिल्डिंगचा वरचा मजला, तो कुठला हे मासे ऑर्डर करायच्या आधी बघून ठेवायचं.