आरे नदी बील तळ्यात कशी आली: झेलांडची पार्श्वभूमी

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बर्फाचे डोंगर येतात, पण त्या देशातली भाजी बरीचशी पिकते ती बर्नच्या पश्चिमेला, बील, न्यूशाटेल आणि मुर्टेन या तीन तळ्यांच्या मधल्या सपाट भागात. झेलांड म्हणतात त्याला. गाजर, कांदे, सॅलड, साखरेचं बीट, सगळं काळ्याभोर जमिनीत. आणि ही जमीन दीडशे वर्षांपूर्वी दलदल होती हे माहीत नसेल तर तिथल्या नद्यांचा नकाशा नीट कळतच नाही.

आज आरे नदी आल्प्समधून निघून बर्नवरून येते, आर्बर्ग गावापाशी पश्चिमेला वळते आणि बील तळ्यात पडते. हे वळण माणसाने दिलेलंय. पूर्वी ती आर्बर्गहून सरळ ब्यूरेनकडे आणि पुढे झोलोथुर्नकडे जायची, बील तळ्याशी तिचा थेट संबंधच नव्हता. त्या पट्ट्यात उतार जवळजवळ नाही, त्यामुळे डोंगरातून आणलेली सगळी वाळू-खडी नदी तिथेच टाकायची, पात्र उथळ व्हायचं, मग बर्फ वितळलं किंवा पाऊस लागून राहिला की पाणी मिळेल तिकडे पसरायचं. बील तळ्यातून निघणारी त्सील नदी मायनरीड गावापाशी आरेला मिळायची, आणि आरे फुगली की त्सीलचं पाणी अडायचं, तळ्याकडे मागे सरकायचं, तळी चढायची, शेतं महिनोन् महिने पाण्याखाली. त्यात हिवतापाची साथ. लोक कंगाल झाले होते, अक्षरशः.

याच मायनरीडमध्ये 1804 साली योहान रुडोल्फ श्नायडर जन्मला. डॉक्टर झाला, जवळच निडाउला प्रॅक्टिस केली, आणि पेशंटना औषध देऊन हे संपणार नाही, पाण्याचंच काहीतरी करायला हवं, हे धरून राजकारणात उतरला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला मोठा माणूस हाच, कारण आराखडा दुसऱ्याचा असला तरी तीस-पस्तीस वर्षं चिकटून राहणं त्याचं होतं. आराखडा काढला ग्राउब्युंडेनचा इंजिनियर रिशार्ड ला निका याने, 1842 मध्ये. आयडिया साधीच पण जबरदस्त होती: नदीच उचलून तळ्यात घाला. खडी तळ्याच्या तळाशी बसेल, पूर तळ्यात मावेल, आणि खाली हळूहळू पाणी सोडता येईल.

मग अडलं कुठे? पैशात आणि भांडणात. बर्न, फ्रीबुर्ग, व्हो, न्यूशाटेल, झोलोथुर्न, असे पाच कॅन्टन (म्हणजे स्वित्झर्लंडमधली राज्यं), प्रत्येकाला फायदा वेगळा, खर्च कोणी किती करायचा यावर एकमत नाही, मधेच 1847 चं यादवी युद्ध झालं, 1848 ला नवं संघराज्य आलं. शेवटी 1867 मध्ये संघराज्याने 50 लाख फ्रँक मंजूर केले आणि पुढच्या वर्षी काम सुरू झालं.

आधी निडाउ ते ब्यूरेन हा साधारण 12 किलोमीटरचा कालवा, म्हणजे तळ्यातून बाहेर जायची वाट मोठी केली, कारण ती तयार नसताना नदी आत सोडली असती तर बील शहरच बुडालं असतं. मग आर्बर्ग ते तळं असा 8 किलोमीटरचा हाग्नेक कालवा, ज्यासाठी तळ्याकाठची टेकडी आरपार कापावी लागली. गंमत अशी की पूर्ण रुंदीचा कालवा खणलाच नाही, मधोमध एक चर खणला आणि 1878 च्या ऑगस्टमध्ये नदी त्यात सोडली, उरलेली माती तिनेच वाहून नेली. तळ्यांची पातळी दोन-अडीच मीटर उतरली, बुडालेले किनारे उघडे पडले, त्यात अश्मयुगीन वस्त्यांचे लाकडी खांबही सापडले. श्नायडरने नदी तळ्यात आलेली पाहिली, 1880 मध्ये तो गेला.

पण पाणी काढून घेतलं की पीटची, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, जमीन बसते, आणि तिथे तसंच झालं, शेतं खाली गेली आणि पूर परत आले, 1944 आणि 1950 चे पूर मोठे होते. म्हणून 1962 ते 1973 या पाण्याच्या व्यवस्थेची दुसरी दुरुस्ती झाली (पहिली म्हणजे वरचे कालवे), न्यूशाटेल आणि बील तळ्यांना जोडणारा त्सीलचा कालवा आणि मुर्टेन आणि न्यूशाटेलला जोडणारा ब्रोयचा कालवा रुंद-खोल केले, म्हणजे तिन्ही तळी मिळून एकच टाकी असल्यासारखी चालतात. आरेला मोठा पूर आला की त्सील कालव्यातलं पाणी चक्क उलटं वाहतं, बीलकडून न्यूशाटेलकडे! तळ्यातून किती सोडायचं ते पोर्ट गावच्या बंधाऱ्यावर ठरतं, आणि खाली मुर्गेनथालला सेकंदाला 850 घनमीटरच्या वर जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे.

तरी 2007 ला आणि जुलै 2021 ला बील तळं काठ सोडून वर आलंच. आणि पीट अजूनही झिजतोय, नांगर लागला, हवा लागली की तो कुजून उडून जातो, काही शेतांत खालची रेती-चिकणमाती वर दिसायला लागलीय. आता तिथे तिसऱ्या दुरुस्तीची चर्चा चालते, काहींना निचऱ्याची नवी व्यवस्था हवी, काहींना वाटतं थोडा भाग परत ओला होऊ द्यावा, आणि भाजीवाल्या शेतकऱ्यांना अर्थातच ते पटत नाही.